घरचा सर्व्हर : डिस्क आधी, व्हीएम नंतर

८ जून २०२५, रविवार

यंत्र कुठलं घ्यायचं हा विषय आज बाजूला. घरात नक्की साठवायचं काय आहे, ती मोजदाद आधी.

फोन सहा, बाबांची जुनी पोर्टेबल हार्ड डिस्क, दोन लॅपटॉप, कार्यांच्या डीव्हीडी आणि ट्रंकेतले कागद. सगळं वहीत मांडलं आणि प्रत्येकापुढे एकच रकाना ठेवला: गेलं तर परत मिळेल का?

अजिबात न मिळणारं: फोटो-व्हिडिओ ७८० जीबी. लग्नं, मुंजी, बारशी यांच्या डीव्हीडी उतरवल्यावर १२० जीबी. कागद स्कॅन केले तर फार तर ४० जीबी. बेरीज ९४०.

खटपट करून मिळणारं: व्हीएम (एकाच यंत्राच्या पोटात चालणारी आभासी यंत्रं), त्यातली सेटिंग्ज, फोटोंच्या छोट्या प्रती. एखादी संध्याकाळ जाईल, पण उभं राहील.

कधीही मिळणारं: चित्रपट, मालिका, गाणी. ६०० जीबी. हा ढीग धाकट्या भावाचा. तो तिसऱ्या यादीत टाकलेला त्याला पटलेला नाही. न पटू दे.

पुढचे सगळे निर्णय या तीन याद्यांवरून घ्यायचे. लोक आधी व्हीएमचे नकाशे काढतात, चौदा सर्व्हिसेस लिहितात आणि डिस्क शेवटी उरलेल्या पैशांत घेतात. आपण उलट जायचं.

११ जून, बुधवार

यंत्र ठरलं. ऑफिसातून निघालेला टॉवर, आय-फाइव्ह ७५००, चार कोअर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय आणि विंडोज ११ सातव्या पिढीचे हे प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही, म्हणून असले डबे सध्या ढिगाने बाहेर पडतायत. लिनक्सला त्याचं काही देणंघेणं नाही. नऊ हजारांत मिळाला. ८ जीबी रॅम होती ती काढून १६-१६ च्या दोन पट्ट्या घालणार.

दुसरा पर्याय होता एन-१०० वाला मिनी पीसी. वीज कमी खातो, दिसतो गोंडस. पण त्यात साडेतीन इंची डिस्क बसत नाही, त्या यूएसबीवर लोंबकळत ठेवाव्या लागतात. यूएसबीची वायर हलली की डिस्क गायब. झेडएफएसला (डिस्कवरच्या फाइली सांभाळणारी प्रणाली, तीच वापरणार) ते चालत नाही आणि मलाही. टॉवरमध्ये दोन डिस्कच्या जागा आहेत, मदरबोर्डावर एनव्हीएमईचा (छोट्या, वेगवान चिपवाल्या डिस्कचा) स्लॉट आहे. बास.

१५ जून, रविवार

डिस्कचं गणित.

दोन डिस्क, एकीचा आरसा दुसरी. रेडझेडच्या (डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवायच्या) नादाला लागायचं नाही, जागाच दोन आहेत. आणि आरशातली एक डिस्क गेली तर नवी घालून भरून काढणं सोपं, रात्री बारा वाजता झोपेतही करता येतं.

२ टीबी की ४ टीबी? डबीवरचा २ टीबी म्हणजे संगणकाच्या हिशेबात १.८२. झेडएफएस ८० टक्क्यांच्या वर भरायचं नाही असा दंडक धरला तर वापरायला साधारण १४९० जीबी. आज ९४०, वर्षाला २०० ची वाढ (आईने नातवाचे व्हिडिओ काढणं थांबवलं तर कमी, पण ते होणे नाही). म्हणजे तीन वर्षांत भिंतीला डोकं. त्यात भावाचा ढीग धरलेलाच नाही. ४ टीबीला ३.६४, त्याचे ८० टक्के २.९. पाच वर्षांनी पहिली यादी १९४० जीबी, तरी भावाच्या ढिगालाही जागा उरते. ४ टीबीच.

डिस्क सीएमआर हवी, म्हणजे पट्टे सुटे असलेली. एसएमआर प्रकारात चुंबकी पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा पुन्हा लिहायचा तर शेजारचेही लिहावे लागतात. रोजच्या वापरात कळत नाही. आरशातली एक डिस्क गेली आणि नवी भरायला घेतली की मात्र ती रांगायला लागते. डबीवर बहुधा लिहिलेलं नसतं. मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात बघायचं. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घ्यायच्या नाहीत. एकाच लॉटमधल्या असल्या तर दोषही एकच निघू शकतो. एक बेळगावच्या खडेबाजारातून, एक ऑनलाइन.

२२ जून, रविवार

डिस्क आल्या. विश्वास टाकायच्या आधी तपासणी. स्मार्टची (डिस्कची स्वतःचीच तब्येत-तपासणी) लांब चाचणी एकेका डिस्कला आठ तासांच्या आसपास. त्यानंतर बॅडब्लॉक्स: अख्खी डिस्क चार वेगवेगळ्या नमुन्यांनी भरायची आणि दर वेळी वाचून ताळा घ्यायचा. ४ टीबीला हे दिवसच्या दिवस चालतं. चालू दे. रिकाम्या डिस्कची घाई कुणालाच नसते.

२९ जून, रविवार

जागा आणि करंट.

माळा बाद. कौलारू घर आहे, आषाढात माळ्यावर कुठे ना कुठे ठिपकतंच. देवघराशेजारी बाबांचा नकार. जिन्याखालचं कपाट पक्कं केलं: भिंत कोरडी, राउटरची वायर पोचते. दाराला जाळी मारली, नाहीतर पाली आत जाऊन बसतात. गरम जागा त्यांना फार आवडते.

प्लगात मीटर लावून मोजलं. दोन्ही डिस्क फिरत असताना ३५ वॅट. दिवसाला ०.८४ युनिट, महिन्याला २५. आकडा छोटा वाटतो, पण इथे गृहज्योती (कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना) आहे. २०२२-२३ च्या सरासरी वापरावर १० टक्के चढवून जी मर्यादा निघते तिथवर बिल शून्य. त्यावर गेलं की वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० च्या पलीकडे गेलं तर सगळंच बिल भरायचं. आमची सरासरी ९६, मर्यादा १०५. सध्या ९२ वर आहोत. सर्व्हर धरून ११७. म्हणजे दरमहा बारा युनिटांचे पैसे आणि बाबांच्या हातात जवळपास दोन वर्षांनी आकडा असलेलं बिल. त्यांना आजच सांगून ठेवलं. "बारा युनिटांचं काय नाही रे, पण दोनशेच्या वर नेऊ नकोस म्हंजे झालं." चोवीस तास चालणारी नवी वस्तू घरात घ्यायची तर हे गणित कर्नाटकात प्रत्येकाने करावं. ग्राफिक्स कार्ड घालायचा विचार माझ्यापुरता तिथेच संपला.

करंट जाण्याचा प्रश्न वेगळा. घरात इन्व्हर्टर आहे, साइन वेव्हचा. मेन स्विच पाडून बघितलं: इन्व्हर्टर साध्या मोडवर असताना टॉवर बंद होऊन परत सुरू झाला, यूपीएस मोडवर ठेवल्यावर तगला. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय करंट नसताना जेमतेम १६-१७ मिलिसेकंद दम धरतो. साध्या मोडवरचा इन्व्हर्टर तेवढ्यात जागा होत नाही. तरीही मध्ये ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घालणार, आणि तो यूएसबी पोर्ट असलेलाच. घेताना खोका फोडून बघायचं, स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना पोर्टच नसतो.

साखळी अशी: लाइन, इन्व्हर्टर, यूपीएस, सर्व्हर. यातली गंमत म्हणजे नट हा प्रोग्राम फक्त यूपीएसकडे बघतो. लाइन गेली तरी यूपीएसला इन्व्हर्टरकडून मिळतच असतं, त्यामुळे सर्व्हर निवांत. इन्व्हर्टरची बॅटरी संपली की मगच यूपीएस "आता माझ्यावर आलं" म्हणतो, आणि तिथून दोन मिनिटांनी नटने सर्व्हर नीट बंद करायचा. तसंच लावलं.

६ जुलै, रविवार

आता व्हीएम. पाया प्रॉक्समॉक्स ८.४, म्हणजे व्हीएम चालवणारी लिनक्सवरची प्रणाली.

आधी काय घ्यायचं नाही ते. जाहिराती अडवणारा डीएनएस नको: सर्व्हर बंद पडला की घरभर "नेट गेलं" म्हणून बोंब, आणि मी नेमका बेंगळूरला. होम ऑटोमेशन नको, घरातले दिवे हाताने लागतात. राउटर व्हीएममध्ये नको, कारण तेच. ज्याच्यामुळे आईचा फोन अडेल असं काहीही या डब्यावर ठेवायचं नाही.

उरलं ते चार:

फोटो (इमिच): व्हीएम, ४ कोअर, ८ जीबी
कागद (पेपरलेस): व्हीएम, २ कोअर, ४ जीबी
टीव्ही (जेलीफिन): कंटेनर (व्हीएमपेक्षा हलका कप्पा), २ कोअर, २ जीबी
विंडोज: व्हीएम, २ कोअर, ४ जीबी, लागेल तेव्हाच चालू

रॅम १८. झेडएफएसच्या कॅशला ६ ची वेसण, प्रॉक्समॉक्सला स्वतःला २. एकूण २६, सहा शिल्लक. कोअर मात्र चारच असून दहा वाटलेत. चालतं. प्रोसेसर आळीपाळीने वापरता येतो. रॅम एकदा दिली की दिली, तिथे उधारी करायची नाही.

इमिच आणि पेपरलेस दोन्ही डॉकरमध्ये (प्रोग्राम बांधून चालवायची सोय) चालतात, मग एकाच व्हीएममध्ये का नाही? इमिचची आवृत्ती सारखी बदलते, मध्येच जुनं मोडणारा बदल येतो. त्या धावपळीत शेतीच्या कागदांना ओढायचं नाही. दोन व्हीएमला जरा रॅम जास्त जाते, जाऊ दे. डॉकर प्रॉक्समॉक्सच्या कंटेनरमध्ये न घालता व्हीएममध्ये घालणं हा प्रॉक्समॉक्सवाल्यांचाच सल्ला. जेलीफिन मात्र मुद्दाम कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भाग व्हीएमला कायमचा न देता वापरता येतो. डीव्हीडीवरचं जुनं एमपेग-टू टीव्हीला झेपलं नाही तर वाटेत बदलून द्यायला तो लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं: ७८० जीबी फोटो व्हीएमच्या डिस्कच्या आत घालायचे नाहीत. तसं केलं की सगळे फोटो एका अजस्र फाइलीत बंद होतात. बॅकअप घ्यायचा तर अख्खी फाइल, आणि व्हीएम मोडला तर आधी तो उघडायची कसरत. फोटो झेडएफएसवर सरळ फोल्डरमध्ये राहतील, व्हीएमला ते फोल्डर व्हर्टिओ-एफएसने (बाहेरचं फोल्डर आत दाखवायची सोय) दाखवायचं. एप्रिलमध्ये आलेल्या ८.४ पासून ही सोय प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावरच आहे. इमिचमध्ये वर्ष-महिन्याचा साचा लावला की फाइली तशाच रचल्या जातात. उद्या इमिच नसलं, मी नसलो, तरी डिस्क काढून कुठल्याही लिनक्सला लावली की २०१४ च्या फोल्डरमध्ये २०१४ चे फोटो.

डेटाबेस मात्र व्हीएमच्या स्वतःच्या डिस्कवर, एनव्हीएमईवर. छोट्या प्रतीही तिथेच, म्हणजे फोनवर बोट सरकवलं की पटापट दिसतात. या प्रती मूळ फोटोंच्या १० ते २० टक्के जागा खातात. त्यासाठी १६० जीबीची वेगळी व्हर्च्युअल डिस्क जोडली आणि तिच्यापुढची बॅकअपची खूण काढून टाकली. दुसऱ्या यादीतला माल, परत तयार करता येतो. सिस्टिम आणि डेटाबेस असलेली ६४ जीबीची डिस्क तेवढी रोज रात्री आरशावर उतरेल. शिवाय इमिच स्वतः रोज पहाटे डेटाबेसची एक प्रत फोटोंच्याच फोल्डरात टाकतं, ती आयतीच बॅकअपमध्ये जाते.

एनव्हीएमई एकच आहे, तिला आरसा नाही. मुद्दाम. त्यावर पहिल्या यादीतलं काहीच नाही.

१३ जुलै, रविवार

उभारणी. एनव्हीएमईवर प्रॉक्समॉक्स नेहमीच्या पद्धतीने, एलव्हीएम-थिन (लागेल तशी जागा वाटणारी रचना). झेडएफएस फक्त दोन मोठ्या डिस्कवर, आणि पूल (दोन डिस्कची जोडी) बांधताना डिस्कची नावं सीरियल नंबरवाली घेतली, म्हणजे केबलांची अदलाबदल झाली तरी गोंधळ नाही. तोच नंबर कागदाच्या पट्टीवर लिहून डिस्कच्या पुढच्या बाजूला चिकटवला. गेलेली सोडून चांगली डिस्क उपटणं हा या धंद्यातला जुना अपघात आहे.

चार डेटासेट (पूलमधले वेगळे कप्पे): फोटो, समारंभ, कागद, चैन. फोटो आणि समारंभला रेकॉर्डसाइज (एका वेळी लिहायचा तुकडा) १ एमबी, बाकी आहे तसं. "चैन" म्हणजे भावाचा ढीग: स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली अवस्था) नाही, बॅकअप नाही, आणि १ टीबीचा कोटा. बाकीच्यांना सॅनॉइड या प्रोग्रामने तासाचे २४, दिवसाचे ३०, महिन्याचे ६ स्नॅपशॉट.

२० जुलै, रविवार

आठवडाभर पाऊस, दिवसातून चारदा लाइन येते-जाते. साखळी तगली.

बाहेरून घरी पोचायचं कसं? राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १०० ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅट. एका पत्त्यामागे कित्येक घरं. पोर्ट उघडण्याचा प्रश्नच मिटला, आणि नाहीतरी उघडणार नव्हतो. टेलस्केल घातलं, म्हणजे पोर्ट न उघडता आपल्याच यंत्रांना जोडणारं खासगी जाळं. आईच्या फोनवर तेही नाही. घरी वायफायवर आली की फोटो चढतील, तेवढं तिला पुरे.

व्हॉट्सॲपच्या फोल्डरवर घरात चर्चा झाली. तो फोल्डर घेतला तर रोजची सूर्योदय-गुलाबवाली "शुभ सकाळ" पिढ्यान्‌पिढ्या जपली जाईल. सोडला तर आक्काने पाठवलेले भाच्याचे फोटो जातील. घ्यायचा नाही असं ठरलं. भाच्याचे फोटो आक्काच्या फोनवरून थेट, मूळ आकारात घेणार.

३ ऑगस्ट, रविवार

ट्रंक उघडली. या कामासाठीच खरं तर सगळा खटाटोप.

आमच्या भागातल्या कुठल्याही जुन्या घरात असते तशीच वर्गवारी: १९५६ च्या आधी, बेळगाव मुंबई राज्यात असतानाचे उतारे आणि खरेदीखतं मराठीत, त्याच्याही आधीचे काही मोडीत, नंतरचं हळूहळू कन्नड, आणि आताची पहाणी पूर्ण कन्नड. बँकेचं आणि विम्याचं इंग्रजी. एकाच जमिनीची गोष्ट चार लिप्यांत पसरलेली.

पेपरलेसमध्ये अक्षरं ओळखायचं काम टेसरॅक्ट करतो. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषा घातल्या. आलेला निकाल असा: छापील मराठी उत्तम. टाइपरायटरचं मराठी बरं, जोडाक्षरं तुटतात. कन्नड पहाणीतला मजकूर वाचला जातो, पण चौकटीतले रकाने एकमेकांत मिसळतात, खातेदाराच्या नावापुढे पिकाचं क्षेत्र येऊन बसतं. तिन्ही भाषा एकदम लावल्या की आकडे घसरतात. सर्व्हे नंबरातलं शून्य कधी इंग्रजी ओ होतं, आणि मग शोधलं तर सापडत नाही. म्हणून दोन वाटा केल्या: इंग्रजी-कन्नड एका पेपरलेसमध्ये आणि मराठी-इंग्रजी दुसऱ्या, त्याच व्हीएमवर, वेगळ्या फोल्डरांतून. सर्व्हे नंबर, गाव आणि वर्ष हे तीन रकाने बाबा स्वतः बघून भरतात. हाताने लिहिलेल्या कागदांना तर दुसरा इलाजच नाही.

मोडीसाठी टेसरॅक्टकडे मॉडेल नाही. युनिकोडमध्ये मोडी २०१४ ला आली, पण वाचणारं यंत्र आपल्या हातात नाही. ते कागद ६०० डीपीआयवर रंगीत घेतले, मागची बाजूही, स्टॅम्पसकट. खरेदीखताच्या घडीवर कागद झिजून आरपार दिसतो; तिथे मागे काळा पुठ्ठा धरला तर अक्षरं सुटी होतात. पांढऱ्या झाकणावर ठेवलं की मागची शाई पुढे येते.

१० ऑगस्ट, रविवार

विंडोजचा व्हीएम. हा कशाला, असं मित्राने विचारलं. बाबांच्या जुन्या फाइली श्रीलिपीत टाइप केलेल्या, काकांच्या पंचायतीकडे दिलेल्या अर्जांच्या फाइली नुडीत. दोन्ही युनिकोड रुळायच्या आधीच्या पद्धतीतल्या. तो फाँट नसला तर मराठी आणि कन्नड दोन्हीचा सारखाच कचरा दिसतो. सीमाभागात निदान तिथे तरी समानता.

विंडोज १०, ६४ जीबी, नेटवर्कचं कार्डच काढून टाकलं. ऑक्टोबरनंतर याला नेहमीचे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, तर इंटरनेटचं वारंही नको. इन्स्टॉल करताना डिस्क दिसत नाही म्हणून घाबरायचं नाही, व्हर्टिओ ड्रायव्हरची आयएसओ (सीडीची फाइल) दुसऱ्या सीडी ड्राइव्हला लावून तिथून ड्रायव्हर द्यायचा. फाइली आत न्यायच्या त्याही आयएसओ करूनच. काकांची टॅली दुकानातच राहू दे. तिला हात लावला तर मार्चमध्ये माझं काही खरं नाही.

मंगळवारी प्रॉक्समॉक्स ९ आलं. आत्ता नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी. बेळगावची विसर्जन मिरवणूक रात्रीत आटपत नाही, दुसऱ्या दिवसावर जातेच, आणि सहा फोन सगळं टिपत असतात. सकाळी सगळे घरी येऊन झोपले आणि फोन एकदम वायफायवर आले. चेहरे ओळखायच्या कामाने चारी कोअर शंभरावर, तरी टीव्हीवर सिनेमा अडखळला नाही. चेहऱ्यांच्या कामात एका वेळी एकच फोटो घ्यायचा असं लावलेलं आहे, संध्याकाळपर्यंत आपोआप उरकलं. आज्जीचे तरुणपणीचे आणि आताचे फोटो मात्र दोन वेगळी माणसं म्हणून आले. जोडले.

भावाचा मेसेज: "डिस्क फुल्ल म्हणतंय." कोटा काम करतोय.

१४ सप्टेंबर, रविवार

महिन्याचा दुसरा रविवार, डेबियनच्या (प्रॉक्समॉक्सखालचं लिनक्स) पद्धतीने स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून ताळा घेणं, आपोआप झाली. चुका शून्य.

आता घराबाहेरची प्रत. आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, स्नॅपशॉटही नव्हे. चोरी, वीज पडणं, कपाटात पाणी, तिन्हीत सगळं एकदम जातं. आक्का कोल्हापूरला, शंभर-एक किलोमीटर. वेगळं राज्य, वेगळं वीज मंडळ, वेगळी इंटरनेट कंपनी. "घेऊन ये की, टीव्हीमागं ठेवतो," एवढ्यात तिची परवानगी झाली.

तिच्याकडे जुना लॅपटॉप आणि ४ टीबीची एक डिस्क. बॅकअपला रेस्टिक हा प्रोग्राम वापरतोय: इथूनच कुलूपबंद होऊन जातं, तिकडे कुणी डिस्क उघडली तरी काही कळत नाही. तिकडचा सर्व्हर फक्त भर घालू देतो, पुसू देत नाही. उद्या इथे व्हायरस शिरला तरी कोल्हापूरची जुनी प्रत शाबूत. जुन्या प्रती छाटायच्या तर तिच्या घरी जाऊन.

पहिली प्रत नेटवरून पाठवायची नाही. आमचा अपलोड २० एमबीपीएस; ९४० जीबीला चार दिवसांच्या वर, तेही लाइन न जाता. डिस्क इथे भरली, टॉवेलात गुंडाळली आणि निपाणीमार्गे बसने नेली. तीन तास. सीमेवरच्या कोगनोळीला बस थांबवून ठेवतात असे दिवसही या रस्त्याने पाहिलेत, म्हणून वातावरण शांत असताना उरकलं. आता रोज रात्री फक्त नवीन तेवढं जातं, एक-दोन जीबी.

१२ ऑक्टोबर, रविवार

परत मिळतं का, ते बघितल्याशिवाय बॅकअप म्हणायचं नाही. कोल्हापूरला जाऊन घरच्या सर्व्हरची अजिबात मदत न घेता, फक्त माझा लॅपटॉप, ती डिस्क आणि कागदावर लिहिलेला पासवर्ड. एक मोडी खरेदीखत, एक मुंजीचा व्हिडिओ, इमिचच्या डेटाबेसची प्रत बाहेर काढली. आधीच लिहून नेलेल्या चेकसमशी (फाइलीतून काढलेला ताळ्याचा आकडा) तिन्ही जुळल्या. डेटाबेस लॅपटॉपवरच्या डॉकरमध्ये भरून इमिच उठवलं. अल्बम आणि नावं जागच्या जागी.

पासवर्डाचे दोन कागद: एक बाबांच्या लॉकरमध्ये, एक आक्काकडे. कपाटाच्या दाराला आतून मराठीत एक पान लावलंय: बंद कसं करायचं, चालू कसं करायचं, कुठला दिवा लाल झाला तर मला फोन, आणि मी नसलो तर कुणाला.

राहिलेलं: प्रॉक्समॉक्स ९ वर जानेवारीत जायचं, आधी सगळ्या व्हीएमचे बॅकअप ताजे करून. इमिच आता २.० झालंय, ते दिवाळीनंतर. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांनी, तारीख डब्यावर लिहिली. मोडी वाचणारं कुणीतरी गाठायचं. "मोडी, वाचायचं आहे" या टॅगखाली सध्या एकतीस कागद आहेत.